सातवी बाजू

फोनोची चावी किती भरायची, हे आमच्या घरात एकट्या आत्याला कळायचं. वडिलांनी भरली की गाणं अर्ध्यावरच पेंगायला लागायचं. आई तर त्या यंत्राला हातच लावायची नाही. "तोंड न्हाई, जीभ न्हाई, अन् बोलून राहिलंय. त्याला शिवायचं काहून?" असं म्हणून ती लांबून जायची. मी चावीला हात घातला की सगळे एकदम ओरडायचे, कारण माझा हात जड आणि डोकं गरम, हे घरात जाहीर होतं. आत्या मात्र डोळे मिटून चावी फिरवायची आणि हाताला आतून काहीतरी कळलं की थांबायची. मग तबकडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका चालीत फिरायची.

हे हिंगोलीतलं सांगते आहे. राज्य निजामाचं, तिकडे जगात मोठी लढाई चाललेली, आणि वडील आमच्या स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून. स्टेशनातले एक साहेब बदली होऊन निघाले तेव्हा त्यांनी आपला फोनो वडिलांच्या गळ्यात घातला. त्याची स्प्रिंग तुटलेली होती. फोनोबरोबर जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तकही आलं. त्यात पानांच्या जागी खाकी कागदाच्या पिशव्या होत्या आणि एकेका पिशवीत एकेक तबकडी. चार तबकड्या, दोन्हीकडून वाजणाऱ्या, म्हणजे आठ बाजू. एका विनोदी बोलपटाची सगळी गाणी त्यात ओळीनं होती. साहेबांच्या बायकोला म्हणे तो बोलपट इतका आवडला होता की तिनं पुण्याहून अख्खा संच मागवला, आणि मग ऐकून ऐकून तिला त्याचा इतका वीट आला की गाडीत बसताना ती म्हणाली, हे इथंच राहू द्या. मोठ्या लोकांची आवड अशीच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चाचा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनी फोनो उघडला, चार दिवस त्याच्यावर ओणवे झाले आणि स्प्रिंग बसवून दिली. देताना आत्याला म्हणाले, "बाई, याला जास्ती तकलीफ देऊ नका. चावी बराबर भरा, उमरभर वाजंल." लढाईमुळं सुया मिळत नव्हत्या. त्यावरही तोड चाचांनीच काढली. बाभळीचा वाळका काटा घ्यायचा, टोक तासायचं, आणि सुईच्या जागी बसवायचा. आवाज जरा दबका येतो, पण तबकडी झिजत नाही. एका बाजूला एक काटा.

आत्या बांधाबांधानं हिंडून काटे गोळा करायची. ते ती आपल्या लग्नातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवायची. करंडा रिकामाच होता. तिचं लग्न झालं तेव्हा तिला नीट लुगडं नेसता येत नव्हतं, आणि ते यायला लागायच्या आत ती परत आमच्याकडे आली होती. नवऱ्याचं तोंड तिला आठवत नव्हतं. कपाळ मात्र त्याच्या नावानं कायमचं पुसलेलं. कुणाच्या घरी लग्न असलं की ती मागच्या खोलीत भांडी घासायची, डाळी निवडायची, आणि हळदीची वाटी फिरायला लागली की आपणहून माळ्यावर जाऊन बसायची. तिला कुणी हाकलायचं नाही. हाकलायची वेळच ती येऊ द्यायची नाही.

मला याचा फार राग यायचा. तिला यायचा की नाही, ते तिनं कधी सांगितलं नाही.

आता त्या बोलपटाचं. तो हिंगोलीत कधी आलाच नव्हता. आमच्याकडे होती ती नुसती गाणी, आणि पुस्तकावरचं चित्र. चित्रात नुसत्या काड्यांची छत्री धरलेला एक लठ्ठ माणूस, त्याच्याकडे डोळे वटारून बघणारी एक बाई, आणि खालच्या कोपऱ्यात उंदरानं खाल्लेलं भगदाड. भगदाडाच्या कडेला कुणाची तरी पांढरी दाढी तेवढी उरली होती. एवढ्या सामानावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी अख्खी गोष्ट उभी केली. दुपारची कामं आटपली की त्या आमच्या ओसरीवर जमायच्या. आत्या एकेक बाजू लावायची आणि बायका गोष्ट पुढं न्यायच्या.

लठ्ठ माणूस छत्र्या दुरुस्त करणारा, यावर सगळ्यांचं एकमत होतं, कारण पहिल्या बाजूत तो तशी आरोळीच द्यायचा. दुसरीत भांडण. ते सासूशी की बायकोशी, यावर आमच्या ओसरीवर खरं भांडण व्हायचं. तिसरी ते सहावी नुसता धुमाकूळ, शिंका, पळापळ, भांडी पडल्याचे आवाज. आणि सातवी लावली की सगळ्या गप्प व्हायच्या.

सातव्या बाजूत एक जाड्या आवाजाचा पुरुष रडत रडत गायचा. उद्या अंगण सुनं होईल, माझ्या हातचा घास आता कोण घेईल, असं काहीसं होतं ते. शब्द थोडे होते, पण आवाज असा फुटायचा की वाती वळणारे हात थांबायचे. मोठा माणूस असा मोकळा रडलेला आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता. आमच्याकडचे बाप लेकीच्या पाठवणीला बैलाची शिंगं तपासत उभे राहतात. ही दाढीवाल्या बापानं केलेली लेकीची पाठवणी आहे, असं बायकांनी ठरवलं. हसवता हसवता रडवलं हो मेल्यांनी, असं म्हणत त्या पदर डोळ्याला लावायच्या.

आठव्या बाजूत सगळी पात्रं नुसती खो खो हसायची. लेक गेल्यावर ही माणसं हसतात कशी, हा मोठाच पेच पडला होता. तो सोडवला आडतीणकाकूंनी. आडत दुकानदाराची बायको म्हणून गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा असायचा. त्या म्हणाल्या, "लेक माघारी आली असंल पहिल्या सणाला. मग हसतील न्हाई तर काय?" झालं, गोष्ट पुरी झाली.

मग शेजारच्या एका पोरीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं की पाठवणीला ती सातवी लावा. फोनो मांडवात नेला. पण चावी कोण भरणार? वडिलांनी भरली असती तर गाण्यातला बाप रडता रडता झोपला असता. आत्याला बोलवावंच लागलं. मांडवाच्या कडेला एक चादर बांधली, चादरीआड आत्या, आणि चादरीच्या फटीतून फोनोचा कर्णा बाहेर. नवरी गाडीत बसली, सातवी लागली, आणि मांडवात एकाही बाईचा डोळा कोरडा राहिला नाही.

त्या दिवसापासून रीतच पडली. सातवी संपल्याशिवाय गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्यानं कासरा हलवायचा नाही. आणि लेक पहिल्या सणाला माहेरी आली की तिनं आमच्या ओसरीवर यायचं आणि आठवी ऐकायची. सातवीच्या दिवशी आठवी कधी लावायची नाही. का, ते विचारू नका. रीत म्हणजे रीत.

आत्याला आता बैलगाड्या न्यायला यायला लागल्या. गोधडीत गुंडाळलेला फोनो मांडीवर, पुठ्ठ्याचं पुस्तक छातीशी, करंडा कमरेला, अशी ती नरसीला गेली, गोरेगावला गेली. एकदा कनेरगावच्या जकात नाक्यावर शिपायांनी गोधडी सोडायला लावली. हे काय नेऊन राहिले, म्हणून विचारलं. आत्यानं तिथंच दुसरी बाजू लावली, भांडणाची. शिपाई हसून हसून बेजार झाले आणि गाडी सोडली, वर पाणीही पाजलं. ही गोष्ट ती पुढं वर्षभर सांगत होती. विहीर, घर आणि गावाचे बांध यापलीकडे न गेलेली आमची आत्या नाक्यावरच्या शिपायांना हसवून आली होती. मला तिचा असा काही अभिमान वाटायचा की मी उगीचच मान ताठ करून चालायचे.

आणि मग एका दसऱ्याला तो बोलपट हिंगोलीत आला.

मैदानावर दरसाल तंबू पडायचे, त्यात एक सिनेमाचा असायचा. दवंडीवाला बोलपटाचं नाव ओरडत गल्लीतून गेला तेव्हा बायकांनी हातातलं टाकून एकमेकींच्या घरी धाव घेतली. दिवेलागणीचा पहिला खेळ. बायकांची बाजू कनात लावून वेगळी केलेली. आमची अख्खी गल्ली पुढच्या सतरंजीवर. मध्ये आडतीणकाकू, त्यांच्या मागं मी आणि माझ्या शेजारी आत्या. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. गाणी कोणत्या क्रमानं येणार, हे पडद्याच्या आधी आम्हालाच ठाऊक होतं, त्यामुळं मिजाशीत बसलो होतो.

पहिल्या सहा बाजू आमच्या गोष्टीशी बऱ्याच जमल्या. भांडण सासूशीच निघालं, तेव्हा जिंकलेल्या बायकांनी हरलेल्यांकडे वळून पाहिलं. मग सातवीचे सूर आले. पडद्यावर रिकामं अंगण आणि लठ्ठ माणसाची पाठ. सवयीनं सगळ्यांचे पदर डोळ्यांकडे गेले. काही जणी तर आधीच हुंदके द्यायला लागल्या होत्या. तेवढ्यात लठ्ठ माणूस वळला. त्याच्या कवेत एक शेळी होती.

तिच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि ती माळ ती शांतपणे खात होती. हनुवटीला पांढरी दाढी. ती दाढी मी ओळखली.

लोकांच्या छत्र्यांचं कापड खाते म्हणून सासूनं त्या शेळीला बाजारातल्या एका माणसाला विकलं होतं, आणि तो माणूस दाव्याला धरून तिला ओढत होता. आमची सतरंजी क्षणभर दगडासारखी झाली. मग कनातीपलीकडे पुरुषांच्या बाजूला पहिलं हसू फुटलं आणि सगळा तंबू गडगडला. आमच्यातल्याही निम्म्या हसायला लागल्या. उरलेल्या निम्म्यांना पदर डोळ्याला ठेवावा की तोंडाला, ते कळेना. शेवटी आठव्या बाजूला ती शेळी तुटलेलं दावं ओढत घरी परत आली. तिच्या तोंडात त्या विकत घेणाऱ्याचं धोतर होतं, आणि मंडळी हसत होती ती त्यावर.

मी आत्याकडे पाहिलं. तिनं तोंडावर हात धरला होता. ती हसत होती की काय, ते अंधारात मला दिसलं नाही. वाटेत एवढंच म्हणाली, "शेळी गुणाची व्हती."

दुसऱ्या दिवशी आडतीणकाकूंचा आवाज चार घरं ओलांडून ऐकू आला. त्यांची लेक, माझी मैत्रीण, त्याच वैशाखात सातव्या बाजूवर सासरी गेली होती. "माझी लेक काय शेळी हाय का? चारशे माणसांत माझ्या लेकीला शेळीच्या गाण्यावर लावून दिलं! लोक काय म्हनतील?" लोक काय म्हणायचे ते म्हणतच होते. पोरं आत्याच्या मागून "बें बें" करत विहिरीपर्यंत जायची. मी एकाच्या पाठीत कळशी घातली. रिकामी होती, हे त्याचं नशीब.

गोरेगावच्या एका लग्नाची गाडी येणार होती, ती आली नाही. वाजंत्री सांगितली, असा निरोप आला. पुन्हा कुणाची गाडी आली नाही. आत्यानं फोनोवर पोतं टाकलं आणि पोत्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा ठेवला. करंडा भिंतीतल्या दिवळीत मागं सरकवला. मग ती पूर्वीसारखी मागच्या खोलीत डाळ निवडत बसायला लागली. मी भांडायला गेले. म्हटलं, गाणं शेळीचं निघालं यात तुझा काय गुन्हा? तुलाच बरं सगळ्यांनी पकडलं?

तिनं सुपातले खडे काढत काढतच सांगितलं, "गुन्हा न्हाई गं. पर त्या गान्याच्या मागं मी मांडवात बसून राहिले व्हते. आता कशाच्या मागं बसू?"

माझं लग्न तोवर ठरलं होतं, कनेरगावच्या बाजूचं स्थळ, तुळशीचं लग्न झालं की माझं. मला दिवसरात्र एकच दिसत होतं. मी हळदीनं माखून पाटावर बसले आहे, आणि जिनं मला लहानाची मोठी केली ती बाई माळ्यावर अंधारात बसली आहे. मला त्या लग्नाची भीती वाटायला लागली, आणि त्यात नवऱ्याचा काही संबंध नव्हता.

दिवाळीला माझी मैत्रीण पहिल्या सणाची माहेरी आली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, डोक्यावर न्हाण्याचं ओलं तसंच, ती आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, माझी आठवी बाजू राहिली."

आत्या दारातूनच बोलली. "ते समदं शेळीचं निघालं, बाई. तुला सांगितलं न्हाई का कुनी?"

"आईनं गाडीतून उतरू देखील दिलं न्हाई, तवाच सांगितलं. मी तिथंच हसून हसून खाली बसले." मग तिनं ओल्या केसांवर पदर घेतला. "आत्याबाई, सासरी पहिले दोन महिने जात्यावर बसलं की तेच गानं तोंडी यायचं. सासूनं इचारलं, कुनाचं गं? म्या म्हनलं, माझ्या बापाचं. खरे बाप, आमचे दादा, मांडवात एक शबुद बोलले न्हाईत. बैलाकडं तोंड करून उभे. गान्यातला मानूस रडला, त्यो त्यांच्या वाटचा रडला, असं मी धरून चालले. आता कळलं की त्यो शेळीपायी रडला. मंग? शेळीपायी मानूस इतका रडतो, तर आमचे दादा आतून किती रडले असतील!"

मैत्रिणीनं डोळे पुसले आणि लगेच पहिल्यासारखी खट्याळ झाली. "अन् शेळी माघारी आली ना शेवटी? मी बी आले. लावा माझी आठवी. माझा हक हाय त्यो."

रीत म्हणजे रीत, हे आत्यालाही मान्य होतं. तिनं पिठाचा डबा खाली ठेवला, पोतं काढलं, करंड्यातला एक काटा घेऊन टोक तासलं. डोळे मिटून चावी भरली. आठवी बाजू सुरू झाली, तो लठ्ठ माणूस हसला, ती सासू हसली, आणि आम्ही तिघीही हसायला लागलो. लेक कुठं गेली म्हणून बघायला आडतीणकाकू फणकाऱ्यानं आमच्या दारात आल्या. तोंड उघडलं ते भांडायला, पण त्या तबकडीतलं हसू असं पसरणारं होतं की काकूंनी चौकटीला धरलं आणि पोट दाबत तिथंच उकिडव्या बसल्या. निघताना मात्र बोट उगारून गेल्या. "आठवीचं ठीक हाय. पर सातवी पुन्यांदा कुन्या लगनात नको. सांगून ठिवते."

माझ्या लग्नाची चर्चा घरात झाली तेव्हा वडिलांनी याच बोलण्यावर गाठ मारली. "अक्का बसंल चादरीआड. बाकीच्या बाजू वाजू द्या. सातवी न्हाई." आईला तेवढंही जड वाटत होतं. पाहुण्यांत काय म्हणतील, हा तिचा जन्माचा घोर. आत्या लगेच कबूल झाली. मीच एकटी कबूल झाले नव्हते, पण नवरीला विचारतं कोण?

लग्न लागलं. हळदीच्या वेळी आत्या माळ्यावर गेली नाही, चादरीआड काटे तासत बसली, एवढं मी जिंकले होते. पंगती उठेपर्यंत तिनं शिंकांची, पळापळीची, भांडणाची, सगळी गाणी वाजवली. माझ्या सासरच्या मंडळींना ती भलतीच आवडली. मग पाठवणीची वेळ झाली. दुपार कललेली. मी सासरच्या बैलगाडीत, दमणीत बसले, ओटी सावरली. सासरच्या धुरकऱ्यानं कासरा हातात घेतला आणि निघू का म्हणून सगळ्यांकडे पाहिलं.

कुणीच निघा म्हणेना.

आमची सगळी गल्ली दमणीभोवती उभी होती आणि सगळ्यांचे कान चादरीकडे. सातवी संपल्याशिवाय गाडी हलत नाही, हे इतक्या वर्षांत त्यांच्या पायांत मुरलं होतं. सातवी लागणार नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी बाजूला सरकत नव्हतं. वडील बैलाच्या शिंगावरून हात फिरवत होते. धुरकरी बिचारा गोंधळला. "कायची वाट बघून राहिले?" त्यानं विचारलं. शेळीच्या गाण्याची, असं पाहुण्यांदेखत सांगणार कोण?

नवरीनं बोलायचं नसतं. मी बोलले. "आत्या, सातवी लाव. न्हाई तर मी उतरते खाली."

आईनं दमणीच्या दांडीवरून हात घालून मला असा चिमटा काढला की त्याचा वळ सासरी चार दिवस होता. सासूबाईंनी विचारलं, "सातवी काय असती?" चादर हलली नाही. मी आडतीणकाकूंकडे पाहिलं. त्या दमणीच्या चाकाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांची नजर माझ्यावर नव्हती, शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीवर होती. ती दिवाळीपासून माहेरीच राहिली होती माझ्या लग्नासाठी, आणि उद्या तीही जाणार होती. काकूंनी नाक ओढलं आणि चादरीकडे तोंड करून खणखणीत ओरडल्या, "लावा की हो आत्याबाई! लेकरू किती वेळ ताटकळंल?"

आतून चावी भरल्याचा आवाज आला. मग थांबला. मग तो जाडा आवाज.

पहिल्याच ओळीला मागून कुणीतरी "बें" केलं आणि सगळा मांडव खदाखदा हसला. मीही हसले, दमणीत, मुंडावळ्यांसकट, सासरच्यांसमोर. आडतीणकाकू हसल्या. पण गाणं आपलं चाललंच होतं, त्याला कुणाचं देणंघेणं नव्हतं. घास कोण घेईल, ही ओळ आली तेव्हा हसू पातळ झालं, आणि बघता बघता बायका रडायला लागल्या. या वेळी सगळ्यांना माहीत होतं की तो माणूस शेळीला रडतो आहे. तरी रडल्या. वडिलांनी शिंगावरचा हात काढला आणि माझ्याकडे तोंड केलं. त्यांचं तोंड मी तसं आधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, हे खरं ते सांगते.

बाजू संपली. धुरकऱ्यानं सुटका झाल्यासारखा कासरा उचलला. तेवढ्यात चादर बाजूला झाली आणि आत्या बाहेर आली.

ती अशी माणसांत येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. निघत्या नवरीच्या समोर मोकळ्या कपाळाची बाई. गर्दीत कुजबुज झाली. सासूबाईंच्या कपाळावर आठी चढली, ती मी पाहिली. आत्या कुणाकडे न बघता सरळ दमणीशी आली. तिच्या हातात गूळखोबरं होतं. मी तोंड पुढं केलं. तिनं तो घास मला भरवला, माझ्या हनुवटीला हात लावला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चर गं माझी बाई. पोटभर चर."

तिनं चारचौघांत केलेली ती पहिली थट्टा. मांडव पुन्हा गडगडला. सासूबाईंना गोष्ट ठाऊक नव्हती, पण सगळे हसतात म्हणून त्याही हसल्या आणि आठी मोडली. मला हसू आणि रडू एकाच वेळी आलं, गूळखोबऱ्याचा ठसका लागला, आणि त्या ठसक्यात गाडी हलली. नवरी खोकत सासरी गेली, असं पुढं कित्येक वर्षं लोक सांगायचे.

"संक्रांतीला ये," आत्या मागून ओरडली. "आठवीला काटा तासून ठिवते!"

मैदानाच्या वळणावर मी मान वळवून पाहिलं. गर्दी पांगायला लागली होती. आत्या चादरीआड गेली नव्हती. ती मांडवाच्या तोंडाशी उभी होती, सगळ्यांच्या पुढं.